तळ्यातली टीम आणि तुळशीराम हवालदार

आमच्या साखर कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून पुस्तक निघतंय. त्यात एक पान आमच्या हॉकीच्या टीमला दिलंय म्हणे. ऑफिसातला एक जण घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "नाना, त्या टीमातले तुमीच तेवढे राहिलात. चार ओळी सांगा, मी लिहून घेतो." मी सांगायला लागलो तर ह्याचा पेनच हलेना. म्हटलं, "कावून थांबलास बे?"

"नाना, तुमी मघापासून हवालदार हवालदार करायलात. पण रेकॉर्डला वस्ताद म्हणून कुणाचंच नाव न्हाई. तिथं नुसती रेघ हाय."

मी त्याला म्हटलं, ऊठ. रेघेचा इतिहास मला सांगता येत नाही. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. जोडाक्षर आलं की हात अडखळतो, आणि कुणी दुरुस्त करायला आलं की मला राग येतो. तरी हे मीच लिहितो. कुणाच्या पेनाची मला गरज नाही.

तुळशीराम हवालदार नांदूरघाटच्या अलीकडच्या एका वाडीचे. पलटणीत सोळा-सतरा वर्षं काढून गावी परत आले होते. पलटणीच्या हॉकीच्या टीममध्ये ते हाफबॅक खेळत. उंच, वाळके, काळेभोर, आणि पाठ अशी ताठ की खाटेवर बसले तरी भिंतीला टेकत नसत. पांढरे कॅनव्हासचे बूट. दुष्काळातही दाढी रोज. एक कप पाणी घ्यायचे, त्यात दाढी उरकायची, आणि उरलेल्या पाण्यात खडू कालवून तोच बुटाला लावायचा. एका कपात माणूस आणि बूट दोन्ही साफ. बोलताना निम्मं आमच्याकडचं, निम्मं पलटणीचं. पोरं मैदानात एकमेकांवर ओरडायला लागली की शिट्टी वाजवून म्हणायचे, "पाय बोलू द्या, तोंडाला छुट्टी." रागावले की आवाज खाली जायचा. लई रागावले तर नुसते टॉवेलाची चौपदरी घडी घालत उभे राहायचे. ती घडी बघितली की आम्ही न सांगता पळायला लागायचो.

आणि एक खरं सांगून टाकतो. आज मी 'ते' आणि 'त्यांनी' लिहितोय. तवा आम्ही त्यांना अरे-तुरेच करत होतो, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा माणूस असून. त्यांच्या वस्तीतल्या माणसाला अहो म्हणायची आमच्या जिभेला सवय नव्हती. अहो म्हणायला आम्हाला किती दिवस लागले, ते पुढं येईल.

टीमची हौस चेअरमन साहेबांची. बाकीच्या कारखान्यांनी कुस्तीच्या तालमी काढलेल्या, कबड्डीच्या टीमा काढलेल्या. साहेबांनी कुठंतरी हॉकी बघितली आणि मनात घेतलं की आपल्या कारखान्याची हॉकीची टीम पाहिजे, तीही पगारी. पगारी म्हणजे रजिस्टरला हंगामी कामगार, सकाळी कारखान्याचं काम, दुपारनंतर हॉकी. खेळायचा पगार मिळतो, हे आमच्या भागात कुणी ऐकलंही नव्हतं. कॉलेजात शिकून आलेले चार-पाच क्लार्क लगेच पांढऱ्या चड्ड्या घालून तयार झाले.

शिकवायला साहेबांनी हवालदारांना वस्ताद म्हणून ठेवलं होतं. त्यांनी ह्या क्लार्कांकडं बघितलंसुद्धा नाही. दोन दिवस ते उसाच्या गाड्या उतरतात तिथं नुसते उभे राहिले. कोण कसं वाकतं, कोण मोळी कशी उचलतो, ते बघत होते. तिसऱ्या दिवशी माणसं निवडली. आष्टीकडचे सहा ऊसतोड कामगार, दोन गाडीवान, एक मेंढका, वर्कशॉपचा टर्नर, आणि मी.

चेअरमन म्हणाले, "हवालदार, ह्येनला हॉकी येती का?"

"न्हाई साहेब. पण ह्येंची कंबर आधीच वाकलेली हाय. ती शिकवायला दोन वर्षं लागत्यात. उरलेलं मी शिकवतो."

माझी निवड वेगळ्या कारणानं झाली. मी वजनकाट्याच्या फाटकावर होतो. एका बड्या डायरेक्टराचा ट्रॅक्टर रांग सोडून पुढं घुसत होता. मी चाकापुढं बसलो. डायरेक्टर आला, आईमाईवरून बोलला, ड्रायव्हरनं दोनदा इंजिन गुरगुरवलं. मी उठलो नाही. हवालदार कडेला उभं राहून सगळं बघत होते. ट्रॅक्टर मागं गेल्यावर माझ्याकडं आले. "काटेवाला, तू गोलात."

म्हटलं, "मला पळता येत न्हाई."

"पळायचं कुणी सांगितलंय? तू हालत न्हाईस. तुझ्यातलं तेवढंच कामाचं हाय."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. काटेवालाच.

पहिल्या दिवशी ऊसतोडीवाल्यांनी स्टिका कोयत्यासारख्या डोक्यावर नेऊन मारल्या. तीन स्टिका मोडल्या, मेंढक्याची नडगी फुटली. हवालदारांनी शिट्टी वाजवली. "ऊस तोडायचा न्हाई. अंगण झाडायचंय. काठी जमिनीला, वाका, सरकवा."

आष्टीचा अंकुश त्यांच्यातला मुकादमाच्या तोऱ्याचा. पुढं तोच कॅप्टन झाला. तो म्हणाला, "झाडलोट बायकांचं काम हाय. आमाला जमत न्हाई."

"मग बायकोला लावून दे. ती खेळंल. तू घरी भाकऱ्या थाप."

सगळे खदाखदा हसले. अंकुश लाल झाला, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यात खाली वाकला तो तोच. मग हवालदारांनी आम्हाला मैदानात मांडलं, पुढं पाच, मधी तीन, मागं दोन, आणि पार टोकाला गोलात एकटा मी.

आता जे लिहितो ते लिहायला जड जातं. पळून झाल्यावर प्यायला हवालदारांनी मडकं आणलं होतं. वर ओलं फडकं, एक तांब्या. पाणी त्यांच्या वस्तीवरचं. काही जण प्याले, काही जणांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, मला तहान न्हाई. त्यांनी मडक्यावरचं फडकं नीट केलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट पळवलं. मी पुन्हा म्हटलं, तहान न्हाई.

"तहान न्हाई तर काटेवाला, आणखी दोन चकरा."

मी मारल्या. तिसरी आपण होऊन मारायला निघालो आणि निम्म्यात पडलो. हवालदार पाणी घेऊन आले नाहीत. ते मडक्याशेजारी बसले. आमच्याबरोबर तेही पळालेले होते, ओठाला पांढरी पापडी धरली होती. अंकुश म्हणाला, "हवालदार, तू तरी पी."

"सगळे प्याल्याबिगर मी पीत न्हाई. पलटणीचा कायदा हाय."

ऊन कलायला लागलं. मी तिकडं पडलेला, ते इकडं बसलेले. कुणी घरी जाईना. मी लई हट्टी माणूस, आजही आहे. पण माझा हट्ट मला फुकट होता आणि त्यांच्या हट्टापायी त्यांचा घसा वाळत होता, हे मला तिथं पडल्या पडल्या कळत गेलं. उठलो, गेलो, तांब्या बुडवला, प्यालो. मग ते प्याले. त्या दिवसापासून टीमचं मडकं एक. आणि तांब्या त्यांच्या हातात देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "घ्या हवालदारसाहेब." गावात चार लोक बोलले. बोलू दिलं.

टीम उभी राहिली आणि पाऊस गेला. तो बहात्तरचा दुष्काळ. एक साल आधीपासूनच आभाळ कोरडं होतं. निजामाच्या काळातलं आमचं तळं, ज्याच्या भरवशावर उसाची लागण झाली होती, ते तळापर्यंत आटलं. गुडघाभर गाळ राहिला, मग तोही वाळून टणक झाला. आमचं गोडाऊनमागचं मुरमाचं मैदान म्हणजे अर्ध्या मैदानाएवढं. एक दिवस हवालदार आम्हाला तळ्याच्या बांधावर घेऊन गेले. खाली बघत म्हणाले, "घ्या. एवढं सपाट मैदान पडलंय, अन् तुमी रडायलात."

असं बोलले खरं. त्यांच्या वस्तीतल्या बाया सगळ्यात लांबून पाणी आणत होत्या. पुन्हा त्यांनी तळ्यावरून चेष्टा केली नाही.

तळ्याच्या तळाला हातभर खोल भेगा होत्या. बुजवायला पाणी नाही, म्हणून हवालदार बॉयलरची राख घमेल्यात घेऊन यायचे आणि सकाळी एकेक भेग ठासून भरायचे. काळ्या मातीवर करड्या रेघांची जाळी. मग आम्ही सगळे ओळीनं वाकून शिंपल्या वेचायचो. एक जरी राहिली तरी पाय कापला म्हणून समजा. तरी नवीन भेग पडायचीच. बॉल आत गेला की खेळ थांबायचा, अंकुश पालथा पडून खांद्यापर्यंत हात घालून तो काढायचा, आणि ज्याच्या पायाखालून गेला त्याच्या विरुद्ध फ्री हिट. हा कायदा जगात कुठं नव्हता. आमच्या तळ्यात होता.

त्या तळावर बॉल कसा पळायचा ते सांगता येत नाही. नुसतं सरकवलं की गोळीसारखा. माझ्या पॅडांवर आदळायचा तर गावात आवाज जायचा. पॅड कारखान्याच्या साखरेच्या पोत्यांचे, आत उसाचं पाचट कोंबलेलं. पोती कितीही झटकली तरी मुंगळे लागायचेच. एका गोलामागं मी चार वेळा चावून घ्यायचो. ओरडलो की हवालदार लांबून म्हणायचे, "मुंगळ्याकडं बघू नगंस, बॉलकडं बघ. मुंगळा गोल करीत न्हाई."

संध्याकाळी दुष्काळातल्या खडी फोडायच्या कामावरून परत जाणाऱ्या बाया बांधावर टेकायच्या. त्यातली एक म्हातारी बरेच दिवस बघून म्हणाली, "काय रं, काठ्या घिऊन तळ्यात काय हुडकायलात? पाणी लागतंय का?"

हवालदारांनी तिला नमस्कार केला. "लागलं की सांगतो, आजी."

पाणी लागलं नाही. ऊसही लागला नाही. हंगाम आला आणि गाळपाला ऊसच नाही. कारखाना बंद राहणार हे नक्की झालं. हंगामी माणसं घरी बसवली. टीमचं काय, म्हणून आम्ही अकरा जण चेअरमन साहेबांपुढं उभे राहिलो. माणूस वाईट नव्हता. खुर्चीत अवघडून बसले होते.

"सहकारी कारखान्यांची स्पर्धा हाय, पश्चिमेकडं. जिंकून या. कप टेबलावर ठिवला की बोर्डाला मी सांगू शकतो की ही माणसं कारखान्याची शान हाय, ह्येनला कायम करा. हरून आलात तर माझ्याच्यानं काय व्हायचं न्हाई. टीम मोडली."

आता कुणी हसेल, की एका कपासाठी काय एवढं. अकरा घरं होती. आष्टीच्या सहा जणांनी त्या साली ऊसतोडीची आगाऊ उचलसुद्धा घेतली नव्हती, टीम आहे म्हणून. कायम झालो तर चूल, नाहीतर खडी. हवालदारांना मात्र साहेबांनी कायमचा शब्द दिला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही.

कारखान्याच्या ट्रकमध्ये बसून गेलो. तो मुलूख बारमाही पाण्याचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस डोक्याएवढा. अंकुश ट्रकच्या फाळक्याला धरून उभा. ज्यानं आयुष्यभर ऊस तोडला तो ऊस बघून गप होतो, हे मी पहिल्यांदा बघितलं.

पहिल्या दोन मॅची तिथल्या शाळेच्या मुरमाड मैदानावर झाल्या. आम्ही दोन्ही मारल्या. त्या पोरांना आमचा बॉल दिसतच नव्हता. फायनल मात्र यजमान कारखान्याशी, त्यांच्या मोठ्या मैदानावर. हिरवळ. आम्ही दुपारी लवकर गेलो, मैदान बघून घ्यावं म्हणून.

तिथं पाणी सोडलेलं होतं. रबरी पाइप गवतावर टाकलेला, पाणी गवतातून वाहून कडेच्या नालीत चाललेलं. जवळ माणूस कुणी नाही. निम्मं मैदान भिजलं होतं, निम्मं कोरडं. आम्ही अकरा जण त्या पाण्याकडं बघत उभे राहिलो. अंकुशनं खाली बसून ओल्या गवतावर हात ठेवला, मग तोच हात चेहऱ्यावरून फिरवला.

"हे कुणासाठी सोडलंय?" त्यानं विचारलं.

"आपल्याला खेळायसाठी," टर्नर म्हणाला.

मी चालत गेलो आणि तोटी बंद केली.

विचार करून केली असं नाही. आमच्याकडं त्या साली वाहतं पाणी दिसलं की माणूस आधी तोटी बंद करायचा, मग विचारायचा कुणाची आहे. हवालदार लांबून आले. "कावून बंद केलीस?"

"वाया चाललं व्हतं."

त्यांनी मैदानाकडं बघितलं. निम्मं ओलं, निम्मं वाळकं. ते खेळाडू माणूस, त्यांना एका नजरेत कळलं की आता काय होणार. "उघड परत."

"न्हाई उघडत."

"काटेवाला, मैदान त्यांचं हाय. पाणी त्यांचं हाय. उघड."

"तुमी उघडा."

त्यांनी तोटीला हात घातला. हात तसाच राहिला. मी त्यांच्याकडं बघत होतो. नालीत शेवटचं पाणी मुरत चाललं होतं. मग त्यांनी हात काढून घेतला, टॉवेल काढला आणि घडी घालायला लागले. तेवढ्यात समोरची टीम मैदानात उतरली.

पहिल्या हाफला आमचा गोल वाळक्या अंगाला. तिथं बॉल आमच्या तळ्यातल्यासारखा पळत होता, मी एकही आत येऊ दिला नाही. पण आमची पोरं पुढं जायची तर ओल्या गवतात बॉल चिकटून बसायचा. आमची काठी पुढं जायची, बॉल मागं राहायचा. बघणारे लोक हसायला लागले. हाफ झाला तवा दोन्हीकडं गोल नाही.

दुसऱ्या हाफला मी ओल्या अंगाला गेलो. पॅडातलं पाचट भिजून जड झालं. त्यांचा एक फॉरवर्ड आला, त्यानं मारलं, आणि मी आडवा झेपावलो. झेपावलो, पडलो, पडून वर बघितलं, तरी बॉल अजून वाटेतच. आयुष्यात एवढा हळू बॉल मी बघितला नव्हता. तो आरामात माझ्या डोक्याकडच्या अंगानं आत गेला. सगळं मैदान हसलं. मी हवालदारांकडं बघितलं. ते आवाज न चढवता म्हणाले, "घाई करू नगंस. हितं पाणी हाय. हितं सगळं निवांत येतं."

पण आता आमची पोरं वाळक्या अंगाला मारत होती. अंकुशनं पहिला गोल केला तो वाकून, झाडून, एका रेषेत. दुसरा मेंढक्यानं केला. शिट्टी झाली तवा दोन-एक. टर्नर रडत होता. आम्ही हवालदारांना उचलायला धावलो तर ते म्हणाले, "आधी समोरच्यांशी हात मिळवा."

मांडवात कप टेबलावर होता, पण दिला नाही. त्यांचा मैदानावरचा गडी आला होता. म्हणाला, तोटी पाहुण्यांपैकी कुणीतरी बंद केली, मैदान बिघडवलं. स्पर्धेच्या कमिटीचे तिघं बसले होते, त्यांतल्या एका गृहस्थानं विचारलं, "कोणी केली? खेळाडूनं केली असेल तर निकाल रद्द होईल."

हवालदारांनी विचारलं, "अन् वस्तादानं केली असंल तर?"

ते तिघं एकमेकांशी बोलले. "तर वस्तादावर कारवाई. तुमच्या कारखान्याला पत्र जाईल. वस्तादाला काढल्याचं कारखान्यानं कळवायचं."

"मग लिहा. मी केली."

मी उभा राहिलो. मागं न बघता ते म्हणाले, "काटेवाला, खाली बस."

मी बसलो. ट्रॅक्टरच्या चाकापुढून न उठलेला माणूस मी. तिथं सांगितल्याबरोबर बसलो.

परत येताना ट्रकमध्ये कप आमच्या पायात गडगडत होता. बाकीचे गात होते. मी हवालदारांजवळ सरकलो. म्हटलं, "मी चेअरमनला खरं सांगणार."

"सांग. मग दहा घरी जाऊन बी सांग की निकाल गेला, कायमचं गेलं. अकरावं घर तुझं."

"पण केलं मी. भरायचं तुमी कावून?"

"मला पलटणीची पेन्शन हाय. ह्येनला काय हाय?" मग म्हणाले, "आन् तोटीला माझाबी हात लागला व्हता. मी उघडली न्हाई. म्हंजी दोघांनी बंद केली. दोघांतला एक पुरं."

चेअरमन साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "हवालदार, तुमी असं करणार न्हाई. मला म्हाईत हाय."

"केलंय साहेब."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग अंकुशकडं, मग कपाकडं. पत्राखाली सही केली. हवालदारांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. "ही कारखान्याची हाय."

गावात काय काय बोललं गेलं ते मी सगळं लिहीत नाही. त्यांची जात काढून बोलले, एवढं लिहितो. शिक्षण द्या, पलटणीत पाठवा, शेवटी खोड जाती का, असं बोलले. पारावर मी बसलेलो होतो. मी ऐकलं आणि तंबाखू मळत राहिलो.

आम्हाला कायमचे कागद द्यायचे तो दिवस मला लख्ख आठवतो. लेबर ऑफिसच्या खिडकीतून फाटकाचा रस्ता दिसायचा. हवालदार पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन चालले होते. पाठ तशीच ताठ. क्लार्कनं माझं नाव पुकारलं. बाहेर पळत जाऊन दोन शब्द बोलता आले असते. ट्रंक फाटकापर्यंत नेऊन देता आली असती. क्लार्कनं दुसऱ्यांदा पुकारलं. मी टेबलाकडं गेलो. बाहेर आलो तवा रस्ता मोकळा होता.

त्याच्या पुढच्या साली तळं भरलं. मैदान पाण्याखाली गेलं. कुणाला दुःख झालं नाही, मलाही नाही. टीम मुरमावर दोन-तीन वर्षं खेळली. वस्ताद कुणी नव्हता. मग इलेक्शन झालं, चेअरमन बदलले, नव्यांना हॉकीची हौस नव्हती. पॅड उंदरांनी खाल्ले. अंकुश गेला, टर्नर गेला, एकेक करत सगळे गेले. मी तीस वर्षांवर नोकरी केली. दोन पोरं शिकवली. ती कशाच्या जोरावर शिकली हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

हवालदार एकदाच भेटले, मांजरसुंब्याला. मी बीडला चाललो होतो, रिटायर व्हायला काही महिने राहिले होते, त्याच्याच कागदाचं काम होतं. एस.टी. दहा मिनिटं थांबली. हॉटेलातल्या बाकड्यावर एक म्हातारा भिंतीला न टेकता बसलेला. मी पाठ ओळखली. त्यांच्या मुलीचं घर तिथं जवळच होतं, रोज चहाला येत म्हणे. पुढं दोन सालांनी ते गेल्याचं कळलं, म्हणजे ती भेट शेवटचीच.

समोर जाऊन उभा राहिलो. वर बघून म्हणाले, "काटेवाला. बस."

चहा सांगितला. बशीत ओतून फुंकत विचारलं, "कायम झालास न्हवं?"

"झालो. औंदा रिटायर."

"पोरं?"

"दोघं. नोकरीला हायत."

"मग झालं."

मी वाटभर शब्द जुळवत गेलो नव्हतो, भेटतील हे ठाऊकच नव्हतं. तरी जे तीस वर्षं छातीत होतं ते तोंडापर्यंत आलं. म्हटलं, "हवालदारसाहेब, त्या तोटीचं मी अजून कुणालाच..."

"कंची तोटी?" माझ्याकडं बघितलं नाही. "टीम कशी हाय?"

टीम मोडून वीस-पंचवीस वर्षं झाली होती. मी खोटं बोलत नाही, गावात विचारा. पण त्या बाकड्यावर बसून मला 'टीम मोडली' असं म्हणता आलं नाही. त्यांनी स्वतःचं नाव दिलं, इज्जत दिली, ती कशासाठी, असा हिशोब मला त्यांच्यापुढं मांडायचा नव्हता. म्हटलं, "हाय की. चाललीय."

"गोलात कोण?"

"मीच."

त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं. मीही बघितलं. मग ते असे हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. मी त्यांना त्याआधी कधी दात दाखवून हसताना बघितलं नव्हतं. मलाही हसू आवरेना. दोन म्हातारे डोळे पुसत हसतायत, बघून हॉटेलवाला आला. "काय झालं काका?"

"ह्येच्याकडून चहाचे पैसे घिऊ नगंस," हवालदार म्हणाले. "आमच्या टीमचा गोलकीपर हाय."

"कसली टीम?"

कंडक्टरनं बेल मारली. मी त्यांच्या पायाला हात लावला, त्यांनी मनगट धरून मला वर उठवलं. मी गाडीत चढलो. खिडकीशी जागा मिळाली. गाडी मागं सरायला लागली तवा हॉटेलाचं टेबल सरळ समोर दिसत होतं. हवालदारांनी फडक्यानं सांडलेला चहा पुसला, रिकामे कप ओढून घेतले आणि एकेक करून मांडायला लागले. पुढं पाच, मग तीन, मग दोन. हॉटेलवाला दोन्ही कोपरं टेकवून बघत होता. मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं, पाण्यानं भरलेला मोठा जग दोन्ही हातांनी उचलला, आणि टेबलाच्या पार टोकाला नेऊन एकटा ठेवला.